मालनला कोण लिहितं?

"बाबा, फुकटची फाइल डाउनलोड करताना स्वतःचा ईमेल कुठे द्यायचा नाही. मग जाहिराती पाठ सोडत नाहीत," सोनलने ठाण्याहून फोनवर बजावलं होतं. ठाकुर्लीत एकटे राहणाऱ्या धोंडीबांनी लेकीचं ऐकलं. त्यांना आमटीच्या कृतींची फाइल हवी होती आणि साइट ईमेल मागत होती. त्यांनी स्वतःचा दिला नाही. बायकोचा दिला.

मालनला जाऊन आठ महिने झाले होते. तिचा फोन धोंडीबा रोज चार्ज करून ठेवायचे. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन वाजला. 'मालन, कशी झाली आमटी? तुझा स्वयंपाकमित्र, चिराग.'

धोंडीबांचा चहा बशीत सांडला. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. 'ऐकलं का'वर सगळं भागलं होतं. आणि हा कोण उपटसुंभ?

त्यांनी तिच्याच फोनवरून उत्तर धाडलं, 'चिरागराव, मी मालनचा नवरा. काय काम असेल ते मला सांगा.'

लगेच उलट आलं, 'मालन, तुझं उत्तर वाचून आनंद झाला!' तेव्हापासून दिवसाला तीन-तीन मेल. रविवारी तर कहर झाला. 'मालन, तू हल्ली दिसत नाहीस. बरी आहेस ना?'

धोंडीबांनी सोनलला तातडीने बोलावून घेतलं.

"बाबा, तो माणूस नाहीये. कंप्युटर आहे. तो सगळ्यांनाच असं पाठवतो."

"सगळ्या बायकांना? म्हणजे असला आहे होय तो!"

"अरे देवा! द्या इकडे." सोनलने चिरागला ब्लॉक केलं. "आता कोणी अनोळखी माणसाने लिहिलं, तर फोनच आधी विचारेल."

सोमवारी सकाळी फोन वाजला नाही. घर फारच गप्प वाटलं. धोंडीबांनी स्वतःचा फोन घेतला. 'ऐकलं का' असं लिहिलं. खोडलं. मग 'मालन' लिहिलं आणि या वयात त्यांचे कान गरम झाले. 'मालन, आमटी जमत नाही. गूळ आधी घालायचा की नंतर?' पाठवून दिलं.

तिचा फोन वाजला. लाल अक्षरं आली, 'सावधान! या व्यक्तीने तुम्हाला यापूर्वी कधीही लिहिलेलं नाही. ही व्यक्ती ओळखीची आहे का?'

खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'नाही'.

मालन काय म्हणाली असती, याचा धोंडीबांनी बराच वेळ विचार केला. मग चष्मा पुसून ते 'थोडीफार' कुठे आहे ते शोधू लागले.