घटात बसलेला प्रकल्प

डोळ्यांवर पट्टी बांधा आणि हातावर चिमूटभर माती ठेवा. कोणत्या शेतातली ते मी नुसत्या वासावरून सांगतो! जबलपुरात ही विद्या माझ्याशिवाय कोणाला येत नाही, हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी मलाही ते पटलं होतं.

माझी नोकरी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत. सात वर्षं झाली, पण हंगामी! जबलपूरजवळच्या पाटणकडच्या नऊ शेतांतली माती तपासायची आणि जमीन शेणखतानं सुधारते की पोत्यातल्या खतानं ते सांगायचं, हा माझा प्रकल्प. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीची समिती येणार होती. निकाल दाखवला तर प्रकल्प पुढे चालू आणि मी पक्का. नाही दाखवला तर प्रकल्प बंद आणि मी घरी!

माती तपासण्याआधी सावलीत वाळवावी लागते. आमच्या प्रयोगशाळेत तर पाय ठेवायला जागा नाही. तपासून झालेली माती आम्ही मागच्या भिंतीपलीकडे फेकतो, तरी नाही. म्हणून मी नऊही नमुने चेरीतालला घरी आणले. वरच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरली, नऊ ढीग केले, प्रत्येक ढिगावर शेताची चिठ्ठी ठेवली. माझ्या नियोजनाला तोड नव्हती!

नियोजनात एवढंच राहिलं की दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, जिना चढलो, तर खोली लख्ख झाडलेली! वर्तमानपत्रं घड्या घालून कोपऱ्यात!

"आई!"

आमच्या आईचं नाव सत्यभामा. ती देवघरातून शांतपणे म्हणाली, "काहून ओरडून राहिला रे? आजच घट बसला देवीचा."

"वरची माती कुठाय?"

"वाटली की! दरवर्षी बाजारात बड़ा फुहाऱ्यावरून पुडीतली माती विकत आणा, ती कोणत्या नालीतली असते देव जाणे. अन् यंदा घरातच नऊ शेतांची माती, नऊ ढीग, तेही नवरात्रात! देवीनंच धाडली म्हटलं. एक आपल्याला ठेवली, आठ भजनमंडळाच्या बायांना दिल्या. गहूसुद्धा आपल्याच डब्यातले दिले. सगळ्या खूश होऊन राहिल्या!"

"अन् चिठ्ठ्या?"

"त्या मी फेकीन का? तुझे कामाचे कागद!" आईनं हळदीची रिकामी डबी पुढे केली. आत नऊ चिठ्ठ्या होत्या, छान कालवलेल्या.

विनता, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "त्यात काय? तुम्ही तर वासावरून ओळखता ना," ती म्हणाली.

"ओळखतोच!" मी म्हणालो. आता माघार कशी घेणार?

तपासायला चमचाभर माती पुरली असती. मी स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि देवघराकडे वळलो, तर आई आडवी!

"एकदा बसला की घट हलवत नाहीत. देवीसमोर चमचा घेऊन काहून आला? श्रीखंड आहे का ते?"

घरात दाद लागेना म्हणून दुसऱ्या माळेला स्कूटर काढून घमापुरला गेलो. तिथे भजनमंडळाच्या अध्यक्षीणबाईंचे यजमान भय्यासाहेब राहतात.

"घटातली चमचाभर माती हवी होती."

"काहून?"

"माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो, भय्यासाहेब! नऊही घरची माती मिळाली तर पक्का होईन!"

भय्यासाहेबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अच्छा!" ते म्हणाले. मग पुन्हा हळूच, "अच्छा, अच्छा!" चहा पाजला आणि रिकाम्या चमच्यानं परत पाठवलं.

तिसऱ्या माळेला सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक झालं की नऊ घटांची माती गोळा केली की नोकरी पक्की होते! चौथ्या माळेला चेरीतालपासून घमापुरपर्यंत चमचेवाले फिरू लागले. त्यात एक हंगामी मास्तर होता, दोन कारकून होते, आणि एक गृहस्थ तर पक्के होऊन वीस वर्षं झालेले. बढतीसाठी निघाले होते! आमच्याही दारी एक जण उभा राहिला. "माताजी, बस एक चम्मच!"

आईनं दिली!

"आई, अगं मला नाही म्हणालीस!"

"परका माणूस देवीच्या दारी आला, त्याला रिकामा कसा धाडू? तू तर घरचा."

"अन् घट हलवायचा नाही त्याचं काय?"

"हलवला कुठं? वरून अलगद काढली."

हे ऐकून मी चमचा पुन्हा उचलला, तर आईनं नुसतं पाहिलं. मी चमचा ठेवला.

सहाव्या माळेपर्यंत बायांनी घटांवर पहारे बसवले. शेजारच्या वसुधाकाकू तर घटासमोर पाट टाकूनच बसल्या. मी दिसलो की म्हणायच्या, "चलो, पुढे व्हा!"

खरं सांगतो, आठव्या माळेला मी रिकामा चमचा घेऊन जिन्यातच बसलो. सात वर्षं मी उन्हातान्हात शेतं तुडवली होती, आणि ती सगळी बायांच्या देवघरात गव्हाखाली जाऊन बसली होती. रडूच यायचं बाकी होतं. तेव्हा विनताच म्हणाली, "घट उठले की ते नर्मदेत शिरवायला न्यावे लागतात. सगळ्यांचे तुम्हीच न्या ना. कोण नाही म्हणणार?"

कोणीच नाही म्हणालं नाही! दसऱ्याला मी नऊ घरांतून नऊ घट गोळा केले. आठ मातीच्या परळांत आणि वसुधाकाकूंचा पितळी परातीत. नर्मदेवर ग्वारीघाटाला जातो म्हणून निघालो आणि टेम्पो प्रयोगशाळेकडे वळवला. आकडे नाहीत, निदान माती तरी दाखवू.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आँकड़े कहाँ हैं?"

मी टेबलावर मांडलेल्या घटांकडे हात केला. त्यांची नजर तिकडे गेली. कुठे बोटभर गहू उगवला होता, कुठे वीतभर. परातीतला तर सगळ्यांच्या डोक्यावरून पाहत होता.

"बीज एक ही था?"

"जी. एकाच डब्यातलं."

"वाह! एक बीज, नौ मिट्टी, नौ दिन! आँकड़े तो सब लाते हैं, श्रीपादजी. आपने तो मिट्टी से ही गवाही दिलवा दी!"

"जी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"ये सबसे ऊँचा वाला किसके खेत का है?"

आली ना पंचाईत! सगळे माझ्या नाकाकडे पाहू लागले, कारण माझ्या विद्येचा डंका मीच पिटलेला. मी डोळे मिटले आणि परातीवर वाकून दीर्घ श्वास घेतला. कापूर! पुढच्या परळात उदबत्ती, त्याच्या पुढच्यात तूप, आणि मग पुन्हा कापूर. नऊ शेतांचं मिळून एकच देवघर झालं होतं!

"पुंडलिकराव," मी डोळे उघडून म्हणालो. "दहा वर्षं फक्त शेणखत!"

टाळ्या पडल्या. नऊही शेतकऱ्यांना त्या दिवशी मुद्दाम बोलावलं होतं. पुंडलिकराव पुढे आले, बोटांत माती चोळली आणि माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, माझी माती काळी हाय. हे तर भुरी दिसून राहिली."

"नऊ दिवस देवीपुढे होती, पुंडलिकराव."

त्यांनी परातीला हात जोडले. मग शाल घेतली, नारळ घेतला.

प्रकल्प आणखी तीन वर्षांसाठी वाढला. मी पक्का झालो. भय्यासाहेब घमापुरात छाती ठोकून सांगत सुटले, "पाहिलं ना? नऊ घटांची माती!"

घरी पेढे वाटता वाटता आई हळू आवाजात म्हणाली, "तेवढी वसुधाची परात नीट शिरवली ना रे? तिनं आजच सांगितलं. आपण दिलेल्या मातीत तिच्या मांजरीनं घाण केली होती. बिचारीनं गुपचूप बड़ा फुहाऱ्यावरून पुडी आणली अन् त्यातच घट बसवला."

हातातला पेढा मी डब्यात परत ठेवला. तसाच स्कूटरला किक मारली आणि बड़ा फुहारा गाठला. पुडीवाला सामान आवरत होता.

"भैया, ये मिट्टी कहाँ से लाते हो?"

त्यानं मला ओळखलं. दोन्ही हात जोडले. "आप ही की है, साहब! आपके दफ्तर के पीछे से. जाँच करके आप लोग जो फेंक देते हो न, वही!"

हल्ली कोणी माती हुंगायला पुढे केली, की मी सर्दी झाली म्हणून सांगतो.