निरोगी हृदयाचा जाहीर सत्कार

माणसाला कोणता आजार व्हावा हे त्याच्या हातात नसतं. पण झालेल्या आजाराचं नाव काय सांगावं, हे मात्र पूर्णपणे त्याच्याच हातात असतं. आमच्या वस्तीत आजारांची प्रतवारी फार पूर्वीच ठरलेली आहे. मधुमेह म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. गुडघेदुखी म्हणजे कष्टात गेलेलं आयुष्य. मूळव्याध फक्त सख्ख्या भावाला सांगतात (तो बायकोला सांगतो, म्हणजे पुढचं काम आपोआप होतं). आणि सगळ्यांच्या वर हृदयविकार, आमच्या बोलण्यात ‘हार्ट’. हार्ट कर्त्या माणसाला होतं. त्यात जबाबदारी, सोसणं आणि पोरांनी दिलेला मनस्ताप हे सगळं न सांगता येऊन जातं. हार्टवाल्याला बसायला खुर्ची मिळते आणि त्याच्यासमोर कुणी भांडत नाही.

सगळ्यांत खाली एचआयव्ही. त्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात, आणि खाली आणलेला आवाज आमच्याकडे सगळ्यात लांबवर पोचतो. मागे एका न्हाव्याबद्दल असाच आवाज खाली आला होता. त्याला वस्ती सोडून जा, असं कुणीही म्हटलं नाही. फक्त त्याच्याकडे दाढीला कुणी गेलं नाही. (तो स्वखुशीने गेला, असं आजही सांगतात.)

तेव्हापासून आमच्यात ज्याला ज्याला एचआयव्ही झाला, त्याला हार्ट झालं.

अशी नऊ माणसं वस्तीत आहेत. ठरल्या दिवशी ती मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर, टोकाच्या बाकावर बसतात, एकमेकांना ओळखत नसल्यासारखी भिंतीकडे बघतात, आणि परतीच्या बसमध्ये एकमेकांसाठी जागा धरतात.

आम्ही बाहेरून आलेले लोक. आजोबांच्या वेळी आलो, पण अजून ‘नुकतेच आलेले’ आहोत. सरकारी भाषेत आम्ही अल्पसंख्य समूह. (एका खोलीत सात जण झोपताना हे पटत नाही.) आरोग्य कार्यालयाने एकदा घरोघर जाऊन कुणाला काय आजार आहे ते विचारलं, तेव्हा आमची वस्ती हृदयविकारात शहरात पहिली आली. त्याआधी आम्ही कशातच पहिले आलो नव्हतो.

त्याच कार्यालयात पलीकडच्या टेबलावर वेगळी पाहणी चालू होती. तिच्यात असं निघालं, की एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त, आणि तो अल्पसंख्य असला तर त्याच्या हृदयाकडे कुणी बघतही नाही. दोन्ही टेबलांना तीच नऊ माणसं सापडली होती. हे दोघांनाही कळलं नाही, कारण गोपनीयता कडक होती.

मग प्रकल्प आला. त्याचं पूर्ण नाव ‘अल्पसंख्य समूहांतील एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींचा हृदयविकाराचा धोका कमी करणे’. गोपनीयतेसाठी फलकावर नुसतं ‘निरोगी हृदय’ लिहिलं. हे नाव सर्वांना आवडलं, नऊ जणांना जरा जास्तच.

या नऊ जणांतला शिंपी थोरल्या भावाच्या घरी राहतो. भाऊ वारला, वहिनी आहे. बारा वर्षांपूर्वी गोळ्यांची डबी घरात आली तेव्हा शिंपी म्हणाला, हार्ट. वहिनीने त्याच दिवशी घरातलं तळण बंद केलं. मीठ कमी केलं, तेही सगळ्यांचं. विडी तोंडातून काढून गटारात टाकली. रोज संध्याकाळी ती त्याला पुलापर्यंत चालायला पाठवते आणि परत आल्यावर धाप लागली का ते दारातच बघते. प्रकल्पाच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी त्याचा रक्तदाब दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही.

“काय करता तुम्ही?”

“शिलाई.”

“तसं नाही, हृदयासाठी काय करता?”

“खोटं बोलतो, डॉक्टरबाई. घरी सांगितलंय, हार्ट आहे म्हणून.”

बाईंनी कागदावर लिहिलं : कौटुंबिक आधार भक्कम.

घरी खोटं बोलणाऱ्या आठही जणांची हृदयं अशीच ठणठणीत निघाली. धोका फक्त निवृत्त ड्रायव्हरला होता. तो एकटा राहतो. खोटं बोलावं असं घरात कुणी नाही, त्यामुळे तो दोन्ही वेळा तळलेला मासा खातो. निष्कर्ष उघड होता. कार्यालयाने तो वेगळ्या शब्दांत मांडला. पण सरळ सांगायचं तर एकट्या रुग्णाला एक वहिनी पुरवावी, असा त्याचा अर्थ होता.

एवढं यश दाबून ठेवणं कार्यालयाला शक्य नव्हतं. वस्तीच्या सभागृहात नऊही जणांचा जाहीर सत्कार ठरला (ड्रायव्हरला धोका होता, विकार नव्हता). प्रमाणपत्राचा मजकूर असा : ‘यांना हृदयविकार नाही व पूर्वीही नव्हता.’ शिंप्याने तो वाचला आणि दुकान बंद केलं. तो कार्यालयात साहेबांना भेटला.

“काळजी करू नका,” साहेब म्हणाले. “आजाराचं नाव आम्ही घेणार नाही. तुमचं हृदय उत्तम आहे, एवढंच सांगू.”

“तेवढंच सांगू नका, साहेब.”

“का?”

“मग बारा वर्षं गोळ्या कसल्या, असं लोक विचारतील. दुकानात कोण येईल? घरात कोण ठेवील?”

“असे प्रश्न कुणी विचारू नयेत, अशी सूचना सुरुवातीलाच देऊ,” साहेब म्हणाले. ते मनाने चांगले होते.

शिंप्यापुढे एकच सरळ मार्ग उरला : सत्काराआधी हृदय बिघडवणं. तो ड्रायव्हरच्या खोलीवर जाऊन मासा खाऊ लागला, वरून मीठ घेऊ लागला. फेरतपासणीत पोट बिघडलेलं निघालं. हृदय जागचं हललं नाही.

सत्काराला सगळी वस्ती आली. वहिनी पहिल्या रांगेत. साहेबांनी सूचना दिली, आणि ज्यांच्या डोक्यात प्रश्न आला नव्हता त्यांच्याही डोक्यात तो आला. मग त्यांनी शिंप्याला पुढे बोलावलं.

“या गृहस्थांना हृदयविकार नाही. कधीच नव्हता.”

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. मागून कुणाची तरी मावशी म्हणाली, “मग त्या गोळ्या कसल्या गं?” आणि आवाज खाली यायला लागले. शिंपी हातातल्या प्रमाणपत्राची कड बोटाने दुमडत उभा राहिला.

वहिनी उठली. “साहेब, मशीन तपासून घ्या.”

“मशीन नवीन आहे, बाई.”

“म्हणूनच म्हणते. हार्ट आहे त्यांना. बारा वर्षं मी अळणी गिळते, ती काय हौस म्हणून?”

“पण रिपोर्टमध्ये...”

“रिपोर्ट तुमच्या घरी जेवतो का?”

इस्त्रीवालीची सून उभी राहिली. “आमच्या सासूबाईंनाही आहे. त्यांचंही काढून टाकलंय का?” मग एकेका घरातलं माणूस उठलं आणि आपापलं हार्ट परत मागू लागलं. ड्रायव्हरसाठी उठायला कुणी नव्हतं. त्याच्यासाठी वहिनीच दुसऱ्यांदा उठली. साहेबांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं, डॉक्टरबाईंनी खिडकीबाहेर. शेवटी पेन काढून प्रत्येक प्रमाणपत्रावर दुरुस्ती झाली : ‘हृदयविकार आहे, परंतु आटोक्यात.’ तेव्हा कुठे टाळ्या पूर्ण झाल्या.

घरी शिंपी ताटावर बसला, पण घास उचलेना.

“वहिनी, तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच महिन्यात. डबी घेऊन औषधवाल्याकडे गेले होते.”

“मग इतकी वर्षं हे अळणी कशाला?”

“भावोजी, खोटं बोलायचं तर नीट बोलावं. जेवा आता. आणि पुन्हा त्या ड्रायव्हरकडे मासे खाल्लेत तर बघा.”

कार्यालयाच्या नोंदीत आमची वस्ती हृदयविकारात पुन्हा पहिली आली आहे, आणि प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली आहे. ड्रायव्हरचा डबाही आता वहिनीकडून जातो. त्याचा रक्तदाब उतरतो आहे. स्वभावाबद्दल अजून सांगता येत नाही.

हे सगळं मला इतक्या आतून कसं ठाऊक, असं एखादा चौकस वाचक विचारील. मी त्याच बाकावर बसतो. मलाही हार्ट आहे. या कथेचा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेला आहे, आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायची मला सवय आहे. हे वाचून कुणाला उगाचच हात धुवावेसे वाटले, तर त्यांनी संकोच करू नये. नळापर्यंत चालणंही हृदयाला चांगलं असतं.