देविकाच्या आधी मी चढलेला धोंडा

देविकाला खडक चढण्याच्या शिबिराला पाठवायचं की नाही, हे मी स्वतः एक धोंडा चढून ठरवणार होते. (आई म्हणून मला हे फार जबाबदारीचं वाटलं.)

"लोक त्यासाठी हंपी-बदामीला जातात," माझा नवरा स्वानंद म्हणाला. "आपल्या तर दारात आहे. जाऊ दे ना पोरीला."

"माळा झाडायला सांगितला की हिला चक्कर येते," सासूबाई म्हणाल्या, "ही काय धोंडा चढतेय."

त्यानंतर माघार घेणं शक्यच नव्हतं.

रविवारी आम्ही चौघं जवळच्याच बरुआसागरला गेलो; या हिंदी मुलखातच आम्ही राहतो. गावाबाहेर गुलाबी ग्रॅनाइटचे धोंडे, मधूनच गारगोटीचा पांढराशुभ्र पट्टा. देखणी जागा, मला मात्र प्रत्येक धोंड्यावरून देविका पडताना दिसत होती. शिबिर घेणारे नीरज भैया पलीकडे दोर बांधत होते. त्यांची वाट न बघता मी सगळ्यात बुटका धोंडा निवडला, चपला काढल्या आणि चढले. सोपं होतं. मग खाली बघितलं, मटकन बसले, डोळे मिटले आणि रामरक्षा सुरू केली.

चाऱ्याचे भारे घेऊन चाललेल्या बायका थांबल्या.

"काहे की मन्नत है, अम्मा?"

"पोती के लिए बैठी है," सासूबाई म्हणाल्या. (नातीसाठी; हे खोटंही नव्हतं.)

बायकांनी भारे उतरवून हात जोडले. मला उतरवायला निघालेल्या स्वानंदला त्यांनी अडवलं. "बीच में मत टोको भैया, पाठ पूरा होने दो."

पाठ संपला तर उतरावं लागेल, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

तेवढ्यात कानाशी आवाज आला, "मम्मा, उतरना नहीं आता क्या?"

देविका मागच्या बाजूने वर आली होती.

"मराठीत बोल," मी डोळे न उघडता म्हटलं.

"उतरता येत नाही का? दगडाकडे तोंड कर. आता डावा पाय खाली. हा उजवा आहे, आई."

अशी मी जमिनीवर आले. "देखो, कन्या खुद उतारने आई," म्हणत बायका देविकाच्या पाया पडल्या. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

नीरज भैयांनी मात्र सगळं बघितलं होतं. "भाभीजी, बिटिया का तो पक्का. आपका भी नाम लिख लूँ? डर निकालने वाला एक बैच है."

आता मी दर रविवारी जाते. बॅच सहा वर्षांखालच्या मुलांची आहे. तिथे घरचं कुणी समजूतदार माणूस सोबत असल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून देविका येते.