कपाट गेलं हिरालालकडे!

लाकडावर नुसतं नख मारून मी सागवान ओळखतो! निदान सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी तसं सांगितलं होतं. सदुसष्ट सालची गोष्ट. स्वयंपाकघराची जमीन पार उखडली होती. "आठ दिवसांनी येते, तोवर फरशीचं काही जमवा!" असं बजावून ती किरनापूरला माहेरी गेली.

कारकुनाच्या पगारात फरशी कुठली! मी कटंगीच्या एका म्हाताऱ्या वकिलाचं जुनं सामान स्वस्तात घेऊन गाडीतून आणलं. एक कपाट, एक टेबल, चार खुर्च्या. घासायचं, पॉलिश मारायचं, विकायचं आणि फरशी बसवायची. सोपं!

आठवडाभर घासून घासून माझे हात वकिलाच्या खुर्चीसारखे सोलवटले. आठव्या दिवशी पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून वकिलाचं सामान बैठकीत घेतलं आणि आमचं घरचं सगळं अंगणात काढलं. शेवटचा हात मारायचा, तर स्पिरिट संपलेलं! बाजारात धावलो.

परतलो तर अंगण साफ! मधोमध शेजारच्या मैनाबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या.

"चालले ना भाऊजी तुम्ही? मंडल्याले बदली झाली ना?"

"कोणाची?"

"तुमचीच तं! सामान बाहेर दिसलं अन् मी समजली. म्हटलं, एवढं ओझं कुठं नेता? समदं विकून टाकलं!"

त्यांनी पदराची गाठ सोडून चार चुरगळलेल्या नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

"अन् कपाट?" ते सासऱ्यांनी लग्नात दिलेलं! आणि सुनंदा संध्याकाळच्या बसनं येणार होती!

"थे हिरालालनं नेलं."

कापडवाल्या हिरालालच्या दुकानात मी धापा टाकत शिरलो.

"मी कुठंच जाऊन नाही राह्यलो! कपाट वापस द्या!"

"बिकी हुई चीज वापस नहीं होती, बाबूजी."

"मग त्याच्या बदल्यात दुसरं घ्या! या तर खरं!"

बैठकीत ऊन आलं होतं. वकिलाचं कपाट असं चकाकत होतं, की हिरालालनं आधी त्यात पाहून मिशा नीट केल्या.

"हे देता?"

"हौ. पण वरचे पैसे लागतील!"

गडी राजी झाला, त्याच्या हमालांनी आमचं कपाट परत आणून ठेवलं! बातमी गल्लीभर पसरली. आमच्या खुर्च्या घेतलेला पुनाराम त्या चारही डोक्यावर घेऊन हजर. "मलेबी चमकवाल्या पाह्यजे!" मागोमाग टेबलवाला आला. पलंगवाल्याला बदल्यात द्यायला पलंगच नव्हता, त्याला दुप्पट पैसे देऊन मी आमचा पलंग परत घेतला. तरी खिसा फुगलेलाच!

तेवढ्यात दारात सुनंदा! मी ऐटीत नोटा तिच्या हातात दिल्या. "ही घ्या तुमची फरशी!"

तिनं नोटा पाहिल्या. हिरालालचे हमाल उचलून नेत असलेलं झगमगतं कपाट पाहिलं. मग कोपऱ्यातलं आमचं मळकट कपाट पाहिलं.

"इतकं छान पॉलिश येतं तुम्हाले? मग आठ वर्षं आपल्या कपाटाले काहून नाही लावलं?"

महिन्याभरात फरशी बसली. आरशासारखी! सारी गल्ली पाहून गेली. मलाच नीट पाहायला सवड नव्हती. कपाट झालं, पलंग झाला, आता सासऱ्यांची आरामखुर्ची घासून राह्यलो होतो. तीसुद्धा फुकट!