अठ्ठावीस दिवसांची निवृत्ती

एक फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा. ढुंढिराज गायधनी आपल्या पंचवटीतल्या घराच्या गॅलरीत बनियनवर उभे राहिले. चूक एवढीच झाली.

एरवी साडेदहाला ते सातपूरच्या कंपनीत, स्टोअरमध्ये, नटबोल्टची खोकी मोजत असायचे. गेली चोवीस वर्षं. वय सत्तेचाळीस. यंदा, म्हणजे दोन हजार एक साली, कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती. फॉर्म द्यायची शेवटची तारीख पाच मार्च. ढुंढिराजांना तो भरायचाच होता. का, असं कुणी विचारलं तर ते खरं कारण सांगायचे आणि लोक हसायचे. चोवीस वर्षं त्यांनी डब्यातली गार पोळी खाल्ली होती. आता तव्यावरची खायची होती. दुपारी बारा वाजता, फुगलेली.

"आणि ती तव्यावर टाकणार कोण?" गोदावरीबाईंनी विचारलं होतं. "तुम्ही रिटायर आणि मी डबल ड्यूटीवर!"

"अगं, पैशाचा सगळा हिशोब केलाय मी. कंपनी देईल ते पोस्टात टाकायचं. महिन्याला साडेचार हजार व्याज. त्यात आपण तिघं आरामात राहू."

"आरामात? साखर काय भाव आहे सांगा बरं."

ढुंढिराजांना सांगता येईना. तिथं ते अडकले.

मग गोदावरीबाईंनीच अट घातली. एक महिना साडेचार हजारात घर चालवून दाखवायचं. बाजार त्यांनी आणायचा, खर्च त्यांनी करायचा. जमलं तर सहीला पेन गोदावरीबाई स्वतः देणार. नाही जमलं तर अठ्ठावन्नपर्यंत गुपचूप डबा न्यायचा. पंच म्हणून मुलगी तेजश्री, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिनं वही उघडली. आणि बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. फजिती झाली तर घरातल्या घरात राहू दे.

ढुंढिराजांनी साठलेली रजा टाकली आणि महिना निवडला फेब्रुवारी. हा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो हे गोदावरीबाईंच्या तीन तारखेला लक्षात आलं.

तर ते गॅलरीत उभे होते आणि खाली आक्काबाई तुळशीला पाणी घालत होत्या. आक्काबाई तळमजल्यावरच्या. त्यांना सकाळी कळलेली गोष्ट संध्याकाळच्या आरतीला काळारामाच्या दारात पोचलेली असायची.

"काय ढुंढिराज, आज घरी?"

"हो, रजा."

"किती दिवस?"

"महिनाभर."

आक्काबाईंचा तांब्या हवेतच राहिला. चोवीस वर्षांत हा माणूस वडिलांच्या तेराव्याला तेवढा घरी राहिला होता. "कळलं हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काही बोलू नका. सगळीकडे माणसं कमी करणंच चाललंय सध्या."

संध्याकाळी त्या वर आल्या त्या ताट घेऊनच. शाल, नारळ, निरांजन, उदबत्ती.

"अहो आक्का, तसं काही नाहीये..."

"सुरुवातीला कुणालाच पटत नाही. उभे राहा सरळ."

दाराआडून गोदावरीबाई डोळे मोठे करून 'बोलू नका' म्हणत होत्या. ढुंढिराज गप्प राहिले आणि नारळ हातात पडला. आता विषय संपला. हातात दिलेलं श्रीफळ परत करायचं नसतं, निदान गायधन्यांच्या घरात तरी. त्यांचे दोन चुलतभाऊ रामकुंडावर पूजा सांगतात. आक्काबाईंनी मरून रंगाची, पिवळ्या काठाची शाल खांद्यावर घातली, ओवाळलं, आणि ओवाळताना उदबत्ती शालीच्या टोकाला लागली. मुगाच्या डाळीएवढं भोक पडलं.

"शुभ असतं," आक्काबाई म्हणाल्या, आणि चहा घेऊन, चिवडा खाऊन गेल्या.

तेजश्रीनं वहीत लिहिलं. चहा चार, चिवडा एक वाटी.

"पाहुणे पण धरायचे?" ढुंढिराज ओरडले.

"खरंच रिटायर झालात की येणार नाहीत का ते?" गोदावरीबाई म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता.

आणि पाहुणे आलेच. शेजारचे आले, सकाळी नदीकाठी फिरणारी मंडळी आली, चुलतभाऊ आले, पूर्वी कधीतरी भाड्यानं राहून गेलेले लोक सिडकोतून आले. प्रत्येकाच्या हातात नारळ. प्रत्येकाचा चेहरा दहाव्याला आल्यासारखा. आणि प्रत्येकाला चहा. साखर जास्त पडू नये म्हणून ढुंढिराजांनी चहा करायचं काम स्वतःकडे घेतलं. चमचा सपाट करून टाकायचे. पाहुण्यांना द्यायचे, उरलेला एक कप आत गोदावरीबाईंना नेऊन द्यायचे आणि परत येऊन सांत्वन ऐकत बसायचे.

बाकी सगळं त्यांनी नीट बसवलं होतं. स्कूटरला कुलूप, सायकलला तेल. भाजी संध्याकाळी उशिरा आणायची, नदीकाठच्या बाजारात बायका पाट्या आवरायला लागल्या की. मेथीच्या दोन जुड्या एकीच्या भावात. पान बंद. महाशिवरात्रीला अख्ख्या घराला उपास घडवून पैसे वाचवायचा बेतही होता, पण साबुदाणा, दाणे आणि रताळ्यांची यादी केल्यावर त्यांनी तो मुकाट्यानं सोडून दिला. पण चहा-चिवड्यापुढं त्यांचं काही चालेना. चौदा तारखेला हातात सतराशे रुपये उरले. अर्धा महिना अजून जायचा होता, आणि लाईटबिल यायचं होतं.

घरात मात्र एकोणीस नारळ, चार शाली आणि दोन भिंतीवरची घड्याळं.

"खोबऱ्याच्या वड्या करा," गोदावरीबाई गालात हसत म्हणाल्या.

"वड्यांना साखर लागते," ढुंढिराज म्हणाले. साखरेचा भाव आता त्यांना झोपेतही सांगता येत होता.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून ते रामकुंडाजवळच्या चिमाजींच्या पूजेच्या दुकानात गेले. चिमाजींनी काही विचारलं नाही. एकेक नारळ कानाशी हलवून बघितला आणि रास लावली.

"लाजू नका साहेब. फोडला नाही तर नारळ फिरतोच. सकाळी भक्ताच्या हातात, दुपारी माझ्याकडे, संध्याकाळी दुसऱ्या भक्ताच्या हातात. हा शेंडी तुटलेला बघा. सोमवारपासून चौथ्यांदा आलाय. आता आम्ही एकमेकांना ओळखतो."

"शाल पण घेता?"

"शाल तर नारळापेक्षा जास्त फिरते. तिच्यातलं पाणी आटत नाही." मरून शाल उलगडून त्यांनी भोक पाहिलं. "हिचे दहा कमी."

घरी गोदावरीबाईंनी जोरदार हरकत घेतली. हे व्याजाचे पैसे नाहीत. पंचांनी पेन्सिल चावली आणि निकाल दिला, "निवृत्तीमुळे आलं ते निवृत्तीचं उत्पन्न. चालेल."

"तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस गं?"

"आई, चिवडा मलाही आवडतो."

अठरा तारखेला भिकन बच्छाव आला. कंपनीत प्रेस शॉपला, सटाण्याकडचा, मनाचा मोकळा आणि आवाजाचा त्याहून मोकळा.

"गायधनीभाऊ! लय वाईट वाटलं! आपल्याला सांगायचं तरी! स्टोअरवाले म्हणे रजेवर हे. मी म्हटलं कसली रजा? असा माणूस रजा घेतो का?" असं म्हणत त्यानं पिशवीतून शाल काढून ढुंढिराजांच्या खांद्यावर टाकली.

मरून. पिवळे काठ. हनुवटीखाली मुगाच्या डाळीएवढं भोक.

पाणी घेऊन आलेल्या गोदावरीबाई जागीच थांबल्या. "आली का बाई माहेरी," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"काही नाही. म्हटलं, शाल अगदी घरातलीच वाटते."

भिकन खूश झाला. दोन कप चहा प्यायला.

एकोणीसला शाल चिमाजींकडे गेली. बावीसला फिरायला जाणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष देवराम तिला परत घेऊन आले. तेवीसला गेली, पंचवीसला चुलतभावाबरोबर आली, सव्वीसला सकाळीच पुन्हा गेली. भोकामुळे चिमाजी दहा रुपये कमी घ्यायचे आणि स्वस्तातली शाल मागणारा प्रत्येक जण नेमकी तीच उचलायचा. निरोप देणाऱ्यांनी स्वस्तातली मागितली नाही, असं एकदाही झालं नाही.

आणि त्याच दिवशी बिल्डिंगची नोटीस लागली. उद्या सायंकाळी सहा वाजता गच्चीवर श्री. गायधनी यांचा जाहीर सत्कार. अध्यक्षस्थानी आक्काबाई.

"आता तरी खरं सांगून टाकू या," ढुंढिराज म्हणाले.

"दोन दिवस राहिलेत. गप्प बसा," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांनाही आता शेवट बघायचा होता.

गच्चीवर सगळे जमले. देवराम आपलं मंडळ घेऊन आले, भिकन लांबून आला म्हणून पुढच्या खुर्चीवर. आक्काबाईंनी भाषण केलं, त्यात कंपनीला शिव्या दिल्या आणि वर्गणीतून मागवलेली शाल पुडक्यातून काढली. उलगडली. थांबल्या. कनवटीचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"ही माझी शाल आहे."

त्यांनी शालीचं टोक वर धरलं.

"एक तारखेला मी घातलेली. ही बघा माझी उदबत्ती."

"नाय नाय आक्का, ही माझी हे!" भिकन उठला. "मी घेतली तवाच भोक होतं. दुकानदार म्हणे हवा खेळती राहते!"

"क्षमा करा, पण ही मंडळाची आहे," देवराम म्हणाले. "पावती आहे माझ्याकडे."

मग सगळ्यांनी एकदम ढुंढिराजांकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, फक्त गप्प बसता येत होतं, आणि गप्प बसायची सोय आता संपली होती. त्यांनी सगळं सांगितलं. गार पोळी, साडेचार हजार, रजा, कोरा फॉर्म, चिमाजी. नारळांपाशी आल्यावर आवाज जरा बारीक झाला.

"म्हणजे तुम्ही अजून नोकरीवर आहात?" आक्काबाई.

"हो."

"आणि आम्ही घरोघरी हळहळतोय!"

"मी पहिल्याच दिवशी रजा म्हणालो होतो, आक्का."

"अन् माझे सत्तर रुपये?" भिकन.

"चहात गेले, भिकनभाऊ. दोन कप घेतलेत तुम्ही."

आधी भिकनच हसला. एवढ्या जोरात की खालच्या गल्लीतली माणसं वर बघायला लागली. मग गच्ची हसली. आक्काबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी गोदावरीबाईंकडे मोर्चा वळवला.

"जमलं का मग यांना? साडेचार हजारात?"

"उद्या कळेल."

"आजच सांगते," मागून तेजश्री वही घेऊन उठली. "लाईटबिल भरून, उद्याचं दूध-भाजी धरून, अकरा रुपये उरतात."

टाळ्या पडल्या. आक्काबाईंनी हात वर केला. "मग अडलंय कुठं? नारळ दिलाय आम्ही. दिलेला नारळ खोटा पडायचा नाही. भरा फॉर्म."

पण पेन गोदावरीबाईंनी द्यायचं होतं. सगळी गच्ची त्यांच्याकडे बघत होती. त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

"अकरा रुपयांचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "उद्या साखर महागली की ते गेले."

ढुंढिराजांचा चेहरा पडला. डोळ्यांसमोर पुढच्या अकरा वर्षांचे डबे ओळीनं दिसायला लागले.

"पण या महिन्यात रोज चहा यांनी केला. आलेल्या प्रत्येकाला. आणि दर वेळी एक कप मला आत आणून दिला. लग्न झाल्यापासून मी बसून, गरम चहा कधी प्यायले नव्हते." त्या नवऱ्याकडे वळल्या. "बारा वाजताची पोळी माझ्याकडे. सकाळ-संध्याकाळचा चहा तुमच्याकडे. कायमचा. कबूल?"

"कबूल!" हे ढुंढिराजांच्या आधी भिकन ओरडला.

"पेन आहे का कुणाकडे?"

भिकननंच खिशातलं काढलं आणि गोदावरीबाईंनी ते नवऱ्याच्या हातात दिलं. फॉर्म तेजश्रीच्या वहीत घडी करून ठेवलेला होता, तिला खात्रीच होती. आक्काबाईंचं पूजेचं ताट फॉर्मखाली धरून ढुंढिराजांनी सही केली, आणि त्या दिवशी नारळ पहिल्यांदा फोडला. गच्चीवर सगळ्यांना खोबरं वाटलं. एक मार्चला फॉर्म कंपनीत पोचला आणि शाल चिमाजींकडे.

एकतीस मार्चला कंपनीच्या कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. ढुंढिराज आणि गोदावरीबाई शेजारी शेजारी खुर्च्यांवर. मॅनेजर साहेबांनी 'चोवीस वर्षं एक नटसुद्धा कमी भरला नाही' असं सांगितलं आणि ते खरं होतं. मग शाल आली. खरेदीचं काम भिकनकडे होतं.

गोदावरीबाईंनी फोटोसाठी हसता हसता शालीच्या टोकाला हळूच करंगळीचं नख लावून पाहिलं. बरोबर भोकात गेलं.

परतताना रिक्षा रामकुंडावरून नेली, समारंभात मिळालेले आठ नारळ उतरवायला. चिमाजींनी आठही कानाशी हलवून घेतले आणि सवयीनं शालीसाठी हात पुढं केला.

"आणा साहेब. परवा एका हेडमास्तरांचा कार्यक्रम आहे, आत्ताच स्वस्तातली विचारून गेले."

ढुंढिराज खांद्यावरून शाल काढायला लागले. गोदावरीबाईंनी त्यांचा हात धरला आणि शाल नीट ओढून दिली.

"नाही हो चिमाजी," त्या म्हणाल्या. "ही आजपासून रिटायर झाली."