ठोंबरे सरांचा फॉस्फेट

आमच्या हिंगणघाटच्या कॉलनीत ठोंबरे सरांकडे जाताना लोक जुनी चप्पल घालून जात. सर पाहुण्याची चप्पल लपवायचे. दोन्ही नाही, एकच.

सर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत आणि ग्लिसरॉल कायनेज या एंझाइमवर त्यांचा जीव होता. “ग्लिसरॉल पेशीत येते, मर्जी झाली का चालला जाते. पण कायनेजनं त्याले एक फॉस्फेट चिकटवला का संपलं. मंग बाहेर निघता येत नाई.”

चप्पल काढून घेणं म्हणजे चिकटवणं कसं, असं मी एकदा विचारलं.

“बाई, तुम्ही बँकेतल्या. तत्त्व पाहा.”

त्यांची मुलगी मंजू. तिला पाहायला आर्वीची मंडळी आली, तेव्हा मुलाच्या वडिलांचा एक बूट सरांनी पाण्याच्या ड्रमामागे ठेवला. शेवटची एसटी गेली. मंडळींना मुक्काम करावा लागला आणि जेवणाआधी अख्खं चयापचय ऐकावं लागलं. सकाळी ते नकार देऊन गेले. मंजूने मला पेढा दिला.

मंजूची आई वारल्यावर घरात बापलेक दोघंच होते. पुढे मंजूला हैदराबादला प्रयोगशाळेत नोकरी लागली. निघायच्या दुसऱ्याच दिवशी रुजू व्हायचं होतं, बस चुकवून चालणार नव्हतं. निघायच्या दिवशी मी सकाळपासून तिच्या सँडलवर पहारा ठेवला. पाण्याची बाटली भरायला आत गेले, तेवढ्यात एक सँडल गायब. सरही गायब.

“काकू, बाबानं केलंच शेवटी,” मंजू रडकुंडीला आली.

तेवढ्यात सर सँडल हातात घेऊन फाटकातून आले. “पट्टा उसवला होता. तिकडं कुठं मोची पाहत फिरन पोरगी?”

“आज कायनेज सुट्टीवर का, सर?” मी विचारलं.

“चरबीच्या पेशीत हा एंझाइम नसल्यासारखाच असते, बाई. तिथला ग्लिसरॉल रक्तात सोडून द्या लागते. दूर लिव्हरमंधी त्याचं काही चांगलं होते.”

बस गेली. मंजूसाठी पुऱ्या नेलेला माझा रिकामा डबा घ्यायला मी संध्याकाळी सरांकडे गेले. सरांनी तो धुऊन ठेवला होता. हातात देऊन म्हणाले, “या मग.”

बाहेर माझ्या दोन्ही चपला जागेवर होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी त्यातली एक पायानेच ड्रमामागे सारली.

“सर, माही एक चप्पल दिसून नाई राह्यली.”

सर उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी ड्रमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बसा मग,” ते म्हणाले. “चहा ठेवतो.”