अठरा इंची दगड

दगडावर बसण्याआधी शिर्केकाका त्याची उंची मोजायचे. पिशवीतून अठरा इंचांची काठी निघायची. ती दगडाला टेकवून उभी धरायची, एक डोळा मिटायचा, आणि माप जुळलं की पिवळ्या खडूनं दगडावर लिहायचं, ‘ओके’. नाही जुळलं तर फुली. फुलीवर मी बसलो तर मला उठवायचे.

“रिजेक्ट मालावर बसू नये!”

हा सगळा उद्योग देवीच्या पावागडावर चालायचा. माचीपर्यंत एसटी, पुढं पायऱ्या. रोपवेकडे काका ढुंकूनही बघत नसत.

गोत्रीच्या सोसायटीत ते माझे शेजारी. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, काका मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तपासनीस. जन्मभर त्यांनी नटबोल्ट पास-नापास केले. मग नव्वदच्या दशकात नवी यंत्रं आली आणि कंपनीनं काकांना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी काकूंच्या पोळ्या तपासल्या. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार ते मला पहाटे उठवून गडावर न्यायला लागले. भर चढणीतही शर्ट कडक इस्त्रीचा आणि गळ्याचं बटण लावलेलं. “दमलो हो,” म्हटलं की विचारायचे, “मापात बोला. किती दमलात?”

एकदा दर्शनाला निघालेल्या एका बाईंनी थांबून विचारलं, “काका, आ शुं करो छो?”

“बेन, आ पथ्थर पास छे. निरांते बेसो.”

बाई निवांत बसल्या आणि जाताना दगडाला कुंकू लावून गेल्या. काकांना वाटलं, तपासणीला मान मिळाला. परतीच्या एसटीत ते माझ्याशी चक्क हसून बोलले.

पावसात खडू धुऊन जायचा. पावसाळा सरला की काका पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचे. नोकरी सुटली पण खडू सुटला नाही, असं मी सोसायटीत सगळ्यांना हसत सांगत फिरायचो. आता त्याची लाज वाटते.

होळी झाल्यावर एका रविवारी काकूही निघाल्या. थंडीत त्यांचे गुडघे धरतात, म्हणून काकांनी मुद्दाम मार्च निवडला होता. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत, काकू चढत होत्या. मी न राहवून म्हटलं, “काकू, रोपवेनं गेलो असतो की.”

“लग्न झालं तेव्हा इथल्या देवीआईला बोलले होते, पायी येईन म्हणून. हे म्हणायचे, पुढच्या रविवारी जाऊ. आणि रविवारी ह्यांचा ओव्हरटाइम. रविवार संपेनात, गुडघे मात्र संपले.” त्या थांबल्या, धाप आवरली. “आता मला घरातल्या स्टुलावरूनच कुणाचा हात न धरता उठता येतं बघा. अठरा इंची आहे ते.”

मी काकांकडे पाहिलं. ते चार पायऱ्या पुढं जाऊन खडूची खूण शोधत होते.

“ही बघ,” ते ओरडले. “ओके! बस.”

काकू टेकल्या आणि “आई गं!” करून उठल्या. दगड तव्यासारखा तापला होता. आम्ही दोघं इथं यायचो ते सकाळी आठला, सावलीत. काकूंच्या चालीनं भर दुपार झाली होती. जन्मभर माल तपासलेल्या माणसानं ऊन मोजलंच नव्हतं.

काकांचा चेहरा बघवेना. त्यांनी गळ्याचं बटण काढलं, मग सगळीच काढली. इस्त्रीचा शर्ट चार घड्या करून दगडावर ठेवला आणि बनियनवर उभे राहिले. काकू शर्टावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं, थोड्या वेळानं कुणाचाही हात न धरता उठल्या. वर कळस दिसत होता.

काकांनी शर्ट उचलला. मग खिशातून खडू काढला आणि फुली मारायला दगडाशी वाकले.

“राहू द्या हो,” काकू म्हणाल्या. “मी बसलेय त्यावर.”

काका सरळ झाले. मग खडू खिशात टाकून ते पुढच्या पायरीवर गेले आणि मागं न बघता हात मागं केला. काकूंनी तो धरला.